सूत, गुण्या आणि फडताळ

'सुतार' हा शब्द संस्कृतातील 'सूत्रधार' या शब्दापासून आला आहे, आणि सूत्रधार म्हणजे ज्याच्या हाती मापाचे सूत असते तो. लाकूड तासणाऱ्याला संस्कृतात 'तक्षन्' असेही नाव होते व ते त्याच्या तासण्याच्या क्रियेवरून पडलेले होते; परंतु करवत, वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट इतकी हत्यारे ज्याच्या थैलीत खणखणतात, त्या कारागिरासाठी मराठीने जे नाव कायम केले ते यांपैकी कोणत्याही धारदार हत्यारावरून नव्हे, तर एका साध्या दोरीवरून घेतलेले आहे. मुंबईच्या सुतारकामात हे सूत अद्याप जिवंत आहे. इंचाच्या आठव्या भागाला येथे 'सूत' म्हणतात, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मीटर-सेंटिमीटर रूढ होऊन इतकी वर्षे लोटली तरी "दोन सूत कमी घ्या" हे वाक्य कोणत्याही वखारीत ऐकू येते. मोजक्या हत्यारांत घरातले एखादे फडताळ स्वतःच्या हातांनी उभे करू पाहणाऱ्याने या नावाचा अर्थ आधी मनात धरावा, असे मला कळकळीने वाटते. कारण अशा कामात जे बिघडते ते बहुधा कापण्याने बिघडत नाही, मोजण्याने बिघडते, आणि मोजण्याचे उत्तम साधन सुतळीच्या तुकड्याहून महाग नाही.

हे लिहितो आहे ते मानखुर्दच्या अनुभवावरून. हार्बर मार्गावरील हे मुंबईच्या हद्दीतले अखेरचे स्थानक. १९९२ मध्ये खाडीवरच्या पुलावरून गाडी वाशीला जाऊ लागली तोपर्यंत लोकलची धाव येथेच थांबत असे. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, मंडाळ्याकडे भंगाराची गोदामे, तुर्भ्याच्या डोंगरापलीकडे अणुसंशोधनाचे केंद्र, आणि या सर्वांच्या मधल्या जमिनीवर शहराच्या इतर भागांतून उठवून आणलेल्या माणसांच्या वसाहती, असे या स्थळाचे थोडक्यात वर्णन करता येईल. अशाच एका जुन्या वस्तीत, म्हणजे मानखुर्दच्या जनता कॉलनीत, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातून आलेला एक तरुण सुतार १९६३ मध्ये राहू लागला. जॉकिन अर्पुथम हे त्याचे नाव. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या अमदानीत, ही वस्ती हटवून तेथील सुमारे ७० हजार माणसांची रवानगी चीता कॅम्पच्या जमिनीवर करण्यात आली. आणि त्या हुकुमाविरुद्ध लढता लढता हा सुतार देशभरातील झोपडपट्टीवासीयांच्या महासंघाचा नेता झाला व २००० साली मॅगसेसे पुरस्काराचा मानकरी ठरला. घर आणि घरातील जागा यांविषयीचा त्याचा विचार हत्यारे हाताळलेल्या माणसाचा विचार होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या महासंघाबरोबर, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेबरोबर आणि भायखळ्याच्या पदपथांवर संसार थाटलेल्या 'महिला मिलन'च्या स्त्रियांबरोबर घरांच्या नमुन्यांचे जे काम झाले, त्यातील एक तजवीज आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. या स्त्रियांनी कागदावरचे नकाशे वाचण्याऐवजी मोकळ्या जागेत कापड ताणून घराची पूर्णाकृती प्रतिकृती उभी केली, तिच्यात शिरून, बसून, हात पसरून पाहिले, आणि चौदा फूट उंचीचे व आत माळा असलेले घर आपल्याला हवे असा निर्णय दिला. माळा त्यांनी मागितला, कारण सामान कोठे ठेवायचे हा गरीब घरातील पहिला प्रश्न आहे, हे त्या जाणत होत्या. पुढे पुनर्वसनाच्या ज्या इमारती मानखुर्दला उभ्या राहिल्या, लल्लूभाई कंपाउंडसारख्या, त्यांतील घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे १५ फूट लांब व १५ फूट रुंद एवढ्या चौकोनाइतके, आणि छत नेहमीच्या उंचीचे. माळा हिशेबातून गळला, सामान मात्र गळले नाही.

आमच्या मजल्यावरील एका आजींच्या घरी धान्याचे सात पत्र्याचे डबे भिंतीशी ओळीने मांडलेले असत. "दिवसा हरकत नाही रे बाळा, पण रात्री सगळ्यांची अंथरुणे पडली की एकाला डब्यांच्या कुशीत निजावे लागते," असे त्या सहज बोलून गेल्या, आणि त्या वाक्यामुळे मी फडताळाच्या कामाला लागलो.

'फडताळ' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 'कपाट' याचा मूळ संस्कृत अर्थ दाराची फळी, झडप. म्हणजे झडपांवरून त्या वस्तूचे नाव पडले. 'अलमारी' पोर्तुगीजांबरोबर आली. फडताळ मात्र भिंतीच्या पोटात किंवा भिंतीला लागून फळ्या मांडलेले जुन्या मराठी घरातील साठवणीचे ठिकाण. दार असले तर असले, नसले तरी त्याचे काम अडत नाही. नवशिक्याने दाराचा हव्यास पहिल्या दिवशी धरू नये, जुन्या लुगड्याचा पडदा पुष्कळ काळ काम भागवतो. दार हा सर्व सुतारकामातील अवघड भाग आहे, कारण ते चौकटीतली प्रत्येक सुताची चूक उघडी पाडते.

आता हत्यारे. करवत, हातोडी, पेचकस, हाताने फिरवण्याचे गिरमिट, गुण्या, मोजपट्टी, पेन्सिल, धारदार सुरी, पॉलिश पेपर आणि सुतळीचा एक लांब तुकडा; यापलीकडे काही लागत नाही. टेबलाची गरज नाही. आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने व टाचेने लाकूड दाबून धरून काम करीत आला आहे, आणि जेथे टेबल मांडायलाच जागा नाही तेथे हा जुना दस्तूर सर्वांत शहाणपणाचा ठरतो. यांपैकी गुण्याची मात्र विकत घेतानाच परीक्षा करावी. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा, आणि त्या फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मा दोष गुण्यात आहे असे समजावे. दुकानदार अशा परीक्षेला हरकत घेत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

लाकडाच्या निवडीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण मुंबईच्या हवेत या एका निर्णयावर पुढील सर्व अवलंबून असते. लाकूड हे मेल्यानंतरही पाणी पीत व सोडत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असताना लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा स्थिरावतो, आणि आषाढात ती आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तोच ओलावा १८ टक्क्यांकडे सरकतो. हा ओलावा तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकडाला जवळजवळ वाढवीत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने मात्र ते फुगते. सागासारख्या शांत प्रकृतीच्या लाकडाचीही एक फूट रुंदीची फळी या फरकाने सुमारे एक सूत रुंद होते. वैशाखात अलगद लागणारे दार श्रावणात चौकटीला का घट्ट बसते, याचे कारण हे एक सूत आहे; आणि रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडून टाकली तर ती फुगताना वाकते, आकसताना तडकते, कारण लाकडाची ही हालचाल खिळ्यांनी थांबत नाही. जुने सुतार चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवीत, तिला सरसाने चिकटवीत नसत. तिला श्वास घ्यायला जागा ठेवण्याची ती युक्ती होती.

परंतु खाच पाडण्याचे ते कौशल्य पहिल्याच कामात येणार नाही, म्हणून नवशिक्याने प्लायवूडचा आश्रय घ्यावा, आणि तो का घ्यावा हेही समजून घ्यावे. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाच्या तंतूंवर दुसऱ्याचे तंतू काटकोनात येतील असे रचून चिकटवलेले असतात. प्रत्येक पापुद्रा आडवा फुगू पाहतो, तर त्याच्या वरचा व खालचा पापुद्रा आपल्या लांबीच्या ताकदीने त्याला तसे करू देत नाहीत. पापुद्र्यांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे मधल्या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना ओढ सारखी राहते व शीट एका बाजूला वाकत नाही. खरेदी करताना शीटवरचा मानकाचा शिक्का पाहावा. भारतीय मानक ३०३ हे सामान्य कामाच्या प्लायचे आणि ७१० हे पाण्यात टिकणाऱ्या, बोलीभाषेत 'मरीन' म्हटल्या जाणाऱ्या प्लायचे आहे. मोरीच्या भिंतीला लागून फडताळ ठेवायचे असेल तर ७१० चा खर्च वसूल होतो. एरवी ३०३ मधील पाण्याला अधिक टिकणारा प्रकार पुरतो. नव्या प्लायला जो उग्र दर्प असतो तो त्याच्या डिंकातील फॉर्मल्डिहाइडचा असतो, म्हणून कापलेले तुकडे चार दिवस मोकळ्या हवेत टेकवून ठेवावेत आणि मगच ते लहान मुलांच्या घरात न्यावेत.

प्लायच्या जोडीला थोडे खरे लाकूड लागेल, ते रिपांसाठी. ते भंगारात मिळते. परदेशी मालाच्या पेट्या व त्यांखालची पॅलेट फोडून निघालेल्या पट्ट्या अशा बाजारात ढिगाने पडलेल्या असतात, आणि त्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला एक शिक्का अनेकदा आढळतो. तो अनेक देशांनी मान्य केलेल्या नियमाचा शिक्का आहे. त्यात 'एचटी' अशी अक्षरे असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवून कीडमुक्त केलेले असते; 'एमबी' अशी अक्षरे असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ज्या फडताळात गहू-तांदूळ ठेवायचे त्यासाठी ते मी घेणार नाही. जुन्या चाळी पाडताना निघालेले सागवान मिळाले तर त्याहून उत्तम काही नाही. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले ते लाकूड आपली सारी वाकडीतिकडी हालचाल करून निवांत झालेले असते.

घरचे सामान स्वतःच्या हाताने करण्याच्या विचाराचा पाश्चात्त्य देशांतही एक मोठा पुरस्कर्ता होऊन गेला. एन्झो मारी या इटालियन आरेखनकाराने १९७४ मध्ये साध्या बाजारी फळ्या, हातोडी व खिळे एवढ्यावर होणाऱ्या १९ वस्तूंचे आराखडे तयार केले, आणि टपालखर्च पाठवील त्याला ते देऊ केले. मेज, खुर्ची, पलंग, कपाट असे सर्व काही त्यांत होते. स्वस्त सामान मिळावे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. एकदा स्वतःच्या हाताने खुर्ची केलेला माणूस पुढे दुकानातील खुर्ची वेगळ्या नजरेने पाहील, ती कशावर उभी आहे हे त्याला कळेल, असा त्याचा विश्वास होता. आपल्याकडे १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवले तेव्हा त्यामागे याच जातीचा विश्वास होता. तो आपण शाळेच्या वेळापत्रकातून फार लवकर रजेवर पाठवला, याचे मला दुःख आहे.

आता प्रत्यक्ष बेत. ८ फूट लांब व ४ फूट रुंद, सहा सूत जाडीची एक शीट घ्यावी. तिचे वजन ३० किलोच्या आसपास भरते आणि इमारतीच्या उद्वाहकात ती मावत नाही, म्हणून ज्या वखारीत यंत्राची करवत असेल तेथेच तिचे १५ इंच रुंदीचे, ८ फूट लांबीचे तीन पट्टे काढून घ्यावेत; तीन पट्ट्यांचे ४५ इंच आणि करवतीने खाल्लेला भुसा वजा जाता अडीच इंचांहून थोडी अधिक रुंद अशी एक लांब पट्टी उरते, तीही बरोबर आणावी. पुढचे सर्व कापणे घरी, हातकरवतीने. पहिल्या पट्ट्यातून ७२ इंचांची एक उभी बाजू व साडेतेवीस इंचांचा एक खण, दुसऱ्यातून तसेच, आणि तिसऱ्यातून साडेतेवीस इंचांचे चार खण. अशा रीतीने एका शीटमधून दोन उभ्या बाजू व सहा आडव्या फळ्या निघतात आणि वाया जवळजवळ काही जात नाही. तयार फडताळ २५ इंच रुंद, १५ इंच खोल व ६ फूट उंच होते. ते जमिनीचे सुमारे २.६ चौरस फूट, म्हणजे २२५ फुटांच्या घराचा शहाऐंशीवा हिस्सा व्यापते आणि त्याच्या मोबदल्यात साडेचौदा चौरस फुटांची फळी देते.

खणाच्या फळीची लांबी दोन फुटांच्या आत ठेवण्यामागे केवळ शीटचा हिशेब नाही. फळीला वजनाखाली जो बाक येतो तो तिच्या लांबीबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच एकूण वजनाखाली बाक आठपट होतो, आणि प्रत्येक फुटावर पूर्वीइतकेच वजन ठेवीत गेलो तर सोळापट. उलट जाडी थोडी जरी वाढवली तरी लाभ मोठा असतो: १२ मिलिमीटरच्या फळीपेक्षा १८ मिलिमीटरची फळी तिपटीहून अधिक ताठ असते. चार फूट लांबीच्या देखण्या मांडणीवर धान्याचे डबे ठेवले की वर्षभरात तिची फळी नावेसारखी का दिसू लागते, ते यावरून ध्यानात येईल.

कापण्यापूर्वी महिला मिलनच्या स्त्रियांनी केले ते करावे. फडताळ जेथे उभे राहणार तेथे जमिनीवर खडूने त्याचा तळ आखावा, भिंतीवर सुतळी ताणून त्याची उंची दाखवावी, आणि दोन दिवस घरातल्या सर्वांनी त्या आखलेल्या जागेभोवती वावरून पाहावे. आजींच्या घरी पहिली आखलेली जागा सोयीची दिसत होती, पण ती खिडकीचा एक पाखा झाकत होती. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत ही गोष्ट क्षुल्लक नाही. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या तीन ठिकाणी 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेल्या, २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात, दाटीने उभ्या इमारतींच्या ज्या खालच्या मजल्यांवर उजेड व वारा कमी पोहोचतो तेथे क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. जेथे वाऱ्याची एकच वाट आहे तेथे ती साठवणीसाठी अडवू नये. आम्ही आखणी पुसली आणि फडताळ दाराच्या मागील भिंतीला नेले.

करवत चालवण्याविषयी दोन शब्द पुरेत. रेघ पेन्सिलीने ओढल्यावर तिच्यावरून सुरी दोनदा जोर देऊन फिरवावी, म्हणजे प्लायचा वरचा पापुद्रा आधीच तुटतो आणि करवतीने त्याची सालपटे निघत नाहीत. आणि करवत रेघेवर न चालवता रेघेच्या बाहेरच्या, टाकाऊ अंगाने चालवावी, कारण तिच्या दातांची स्वतःची एक रुंदी असते. खणांच्या जागा आखताना मोजपट्टी दोनदा वाचू नये. दोन्ही उभ्या बाजू शेजारीशेजारी ठेवून, तळ अगदी बरोबर जुळवून, एकाच वेळी दोहोंवर गुण्याने रेघा ओढाव्यात. आकडा चुकला तर तो दोन्हीकडे सारखाच चुकेल आणि फळी तरीही सपाट बसेल.

जोडणीचा नियम एका वाक्यात सांगता येतो: भार खिळ्यावर देऊ नये, लाकडावर द्यावा. प्लायच्या कडेत ठोकलेला खिळा पापुद्र्यांच्या मधे शिरून त्यांना फाकवतो आणि ओढले की निसटतो. म्हणून प्रत्येक खणाच्या रेघेखाली दोन्ही बाजूंना आतून एकेक रीप, फडताळाच्या खोलीइतकी लांब, गिरमिटाने आधी भोके पाडून, स्क्रूने व चिकटद्रव्याने पक्की करावी. फळी त्या रिपांवर विसावते आणि डब्यांचे ओझे रिपांतून उभ्या बाजूंत व तेथून जमिनीत जाते. स्क्रू गंज न धरणारे घ्यावेत, खाडीची हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. चिकटद्रव्याच्या बाबतीत आपली पिढी भाग्यवान म्हटली पाहिजे. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस दरवेळी शेगडीवर वितळवावा लागे, त्याला दुर्गंधी येई आणि ओलीत तो सुटे. १९५९ मध्ये मुंबईत फेविकॉल तयार होऊ लागला आणि थंड्यानेच लावता येणारा पांढरा लेप सुताराच्या हाती आला. तो त्यातले पाणी लाकडात जिरून व हवेत उडून घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात त्याला दुप्पट वेळ द्यावा. वरची व तळाची फळी स्क्रूने कायम करावी, मधल्या चार नुसत्या ठेवल्या तरी चालतात.

येथवर आले की फडताळ उभे राहते आणि घरातल्यांना वाटते की काम संपले. माझे पहिले फडताळ मी येथेच संपवले होते. पुढे महिन्याभरात ते डावीकडे कलले. प्रथम कोणाच्या लक्षात आले नाही, मग वरच्या खणातली बरणी एका अंगाला सरकू लागली. सांधे मजबूत होते, एकही स्क्रू निघाला नव्हता, आणि तरी संपूर्ण वस्तू कलली होती. तिला पाठ नव्हती, एवढेच कारण होते.

काड्यापेटीच्या साध्या प्रयोगाने हे समजते. आतला काड्यांचा खण बाहेर काढून नुसते बाहेरचे आवरण बोटांत धरून तिरके दाबले, तर ते कोठेही न फाटता सपाट होते. चारही बाजू शाबूत राहतात, बदलतात ते फक्त कोन. खण परत आत सरकवला की तेच आवरण कितीही दाबले तरी कलत नाही, कारण खणाच्या दोन टोकांचे चौकोनी तुकडे त्याचे कोन धरून ठेवतात. चौकोनाला स्वतःचा हट्ट नसतो. त्याच्या बाजू आखल्या म्हणून त्याचा आकार ठरत नाही. तो कलताना त्याचा एक कर्ण वाढतो व दुसरा आखडतो, आणि कर्णाला जर कोणी वाढू दिले नाही तर चौकोन कलूच शकत नाही. दोन सूत जाडीचे, हाताने सहज वाकणारे पातळ प्लाय फडताळाच्या पाठीला सर्व कडांनी जागोजाग ठोकले की ते हेच करते: ते वाकेल, पण आपल्या पातळीत ताणले जाणार नाही. फडताळाचे खरे बळ अशा रीतीने त्याच्या सर्वांत पातळ फळीत असते.

मात्र ही पाठ ठोकण्यापूर्वी चौकोन खरा असला पाहिजे, नाहीतर तिरकेपणाच कायमचा जखडला जाईल. सूत धरण्याची वेळ ती हीच. फडताळ जमिनीवर पालथे घालावे, सुतळीचे एक टोक वरच्या डाव्या कोपऱ्यावर धरावे, खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणून तेथे गाठ मारावी, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर लावून पाहावी. गाठ कोपऱ्यावर बरोबर आली तर चारही कोन काटकोन आहेत. आकडा वाचण्याचीही गरज नाही, तरी आमच्या मापाचा कर्ण ७६ इंच आणि जेमतेम २ सूत भरतो हे सांगून ठेवतो. फडताळाचा माथा एक इंचाने कलला असेल तर दोन कर्णांत सुमारे पाच सुतांची तफावत दिसते. म्हणजे डोळ्याला न दिसणारा अर्ध्या इंचाचा कलही सुतळी दाखवून देते. जो कर्ण लांब असेल त्याच्या दोन कोपऱ्यांना तळहाताने आत रेटावे, पुन्हा मोजावे, आणि गाठ जुळली की हलू न देता पाठीचे पहिले चार खिळे चार कोपऱ्यांत ठोकावेत.

यज्ञवेदी आखणाऱ्यांनी आपल्या शास्त्राला 'शुल्बसूत्रे' असे नाव दिले, आणि शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी जे क्षेत्र निर्माण करते ते त्याच्या दोन बाजूंवरील दोरींच्या क्षेत्रांच्या बेरजेइतके असते, हे बौधायनाने तेथे सांगितले आहे. ३, ४ व ५ या मापांच्या दोरीने काटकोन करता येतो हे ज्ञानही त्याच परंपरेतले. गुण्या हरवला असेल, किंवा भिंत व जमीन यांचा कोन तपासायचा असेल, तर एका अंगाला ३ फुटांवर, दुसऱ्या अंगाला ४ फुटांवर खूण करून मधले अंतर ५ फूट भरते का एवढेच पाहावे. वेदीच्या विटांपासून आजींच्या डब्यांपर्यंत ही दोरी तुटलेली नाही, या विचाराने मला काम करताना फार आनंद होत असे.

पाठ बसल्यावर उरलेल्या अडीच इंची पट्टीची चौकट करून तळाखाली द्यावी, म्हणजे लादी पुसताना पाणी प्लायच्या कडेला लागत नाही. कडा हीच प्लायची दुखरी जागा आहे. पाणी तेथूनच शिरते, म्हणून तिला लांबी भरून, घासून, मग रंग द्यावा, आणि रंग आतबाहेर दोन्हीकडे सारखा द्यावा. कोणी जवसाचे तेल वापरणार असेल तर त्याने एक गोष्ट न विसरता करावी: तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते वाळताना आपोआप तापतात व पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवून मगच फेकावेत. दाटीच्या इमारतीत हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. शेवटी सुतळीलाच एक जड नट बांधून ओळंबा करावा, फडताळ उभे आहे की नाही हे पाहावे, जमीन उतरती असेल तर तळाखाली पाचर द्यावी, आणि माथ्याशी एक लोखंडी कोन घालून त्याला भिंतीशी पक्के करावे. सहा फूट उंच व सव्वा फूट खोल वस्तूच्या खालच्या फळीवर मूल चढले तर ती पुढे येते. भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र तेवढ्यापुरते उसने आणता येते.

आजींचे फडताळ वैशाखात उभे राहिले. त्यांनी सर्वांत जड डबे स्वतःच्या मनाने खालच्या दोन खणांत ठेवले, पडद्याला जुन्या इरकली लुगड्याचा काठ लावला, आणि माथ्यावर देवाची तसबीर मांडली. भाद्रपदात, चार महिन्यांची ओल अंगावर घेऊन झाल्यावर, मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि पडदा बाजूला सारून समोरच्या बाजूने सुतळी एका कर्णावर व मग दुसऱ्यावर लावून पाहिली. आजी एक टोक धरून उभ्या होत्या. गाठ दोन्हीकडे कोपऱ्यावरच आली.